बेस गिटारची पेडल्स : आधी कोणते घ्यावे, कशाच्या मागे काय जोडावे?

पेडल म्हटले की आपल्या घरांतल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या डोळ्यांसमोर सायकल येते, नाहीतर शिलाई मशीन. त्यामुळे ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारा मुलगा "मला एक पेडल घ्यायचंय" असे म्हणतो आणि पाठोपाठ किंमत सांगतो, तेव्हा घरात शांतता पसरते. चांगल्या पेडलची किंमत म्हणजे पुष्कळ घरांचा महिन्याचा किराणा. बरे, एकावर भागत नाही. एक आले की दुसरे हवे, दुसरे आले की त्यांना जोडणाऱ्या वायरी, अडॅप्टर, ठेवायला फळी. मुलगा सांगतो, "याच्याशिवाय मोठा पार्टीवाला बोलवत नाही." वडील म्हणतात, "इतकी वर्षं लोक कसे वाजवत होते?" दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. म्हणून हा लेख मुलांइतकाच त्यांच्या पालकांसाठी आहे. पैसा घामाचा असतो. तो कशावर जातो हे घरातल्या सर्वांना समजले पाहिजे.

पेडल म्हणजे पायाने चालू-बंद करायची लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची छोटी डबी. गिटारची वायर तिच्या उजव्या बाजूने आत जाते, डाव्या बाजूने बाहेर पडून पुढे अॅम्प्लिफायरकडे जाते. मधल्या प्रवासात आवाजाचे रूप बदलते. हात वाजवण्यात गुंतलेले असतात, म्हणून बटण पायाशी. एवढाच त्या नावाचा अर्थ.

बेसची गोष्ट वेगळी का?

बेस गिटारला साधारणपणे चार जाड तारा असतात. सर्वांत जाड तार ई, मग ए, डी आणि जी. ई तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. ए तार ५५ वेळा, डी ७३, जी ९८. माणसाचा कान साधारण २० पासून पुढे ऐकतो, म्हणजे आपण ऐकण्याच्या अगदी तळघरात काम करतो आहोत. गाण्यातला हा खर्ज सर्वसामान्य श्रोत्याला वेगळा ओळखू येत नाही, पण तो काढून घेतला की गाणे पोकळ वाटते. पूर्वी हे काम माणसाच्या उंचीचा उभा डबल बेस करीत असे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी प्रिसिजन नावाची विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली आणि तो खर्ज खांद्याला अडकवून नेता येऊ लागला. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. ज्यांना बेस म्हणजे काय हे कळत नाही त्यांनी त्या काळची गाणी चांगल्या स्पीकरवर लावून फक्त खालचा आवाज ऐकावा.

आता एक गंमत. मोबाईलच्या किंवा लहान रेडिओच्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा सूर बाहेर पडतच नाही म्हटले तरी चालेल. तरीही आपल्याला बेस ऐकू येतो, तो कसा? तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर निघत असतात : ८२, १२३, १६४ असे. कान ते वरचे सूर ऐकतो आणि खालचा सूर स्वतःच जुळवून घेतो. पुढे आवाज "फाडणाऱ्या" पेडलचा विषय येईल, तेव्हा हा मुद्दा उपयोगी पडेल.

साध्या गिटारची सगळी पेडल्स बेसला का चालत नाहीत, याचेही उत्तर इथेच आहे. इबानेझचे ट्यूब स्क्रीमर हे गिटारवाल्यांचे फार आवडते पेडल. त्याच्या आतली रचना अशी आहे की सुमारे ७२० कंपनांच्या खाली गेले की आवाजाला मिळणारी वाढ कमी कमी होत जाते. गिटारला ते शोभते, आवाज स्वच्छ कापत पुढे येतो. बेसचे मात्र सगळे घरच ७२० च्या खाली! पेडल दाबले की बेस गायब आणि वर नुसती किरकिर. म्हणून बेससाठी बनवलेल्या पेडलवर बहुधा ब्लेंड नावाचे बटण असते. मूळ स्वच्छ आवाज किती आणि बदललेला किती, हे त्याने ठरवता येते. गिटारचे पेडल मित्राकडून स्वस्तात मिळते आहे म्हणून घेऊ नये. आधी त्यातून ई तार वाजवून पाहावी. तळ गेला तर पेडल परत करावे.

पेडलशिवाय चालते का?

चालते. जेम्स जेमर्सन हे नाव बेस वाजवणाऱ्या प्रत्येक मुलाने पाठ करावे. मोटारींचे कारखाने असलेल्या अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात मोटाऊन ही कंपनी होती. तिच्या १९६० च्या दशकातल्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांवर या कृष्णवर्णीय वादकाचा बेस आहे. त्याची १९६२ ची एक फेंडर प्रिसिजन, तारा जुन्याच, उजव्या हाताचे एकच बोट, आणि वायर बहुतेक वेळा सरळ ध्वनिमुद्रणाच्या टेबलात. पेडल एकही नाही. तेव्हा "पेडल नाही म्हणून माझा आवाज येत नाही" असे सांगणाऱ्या मुलाला जेमर्सन ऐकवावा.

पण दुसरी बाजूही आहे. बूट्सी कॉलिन्स हा सिनसिनाटीचा वादक, तोही कृष्णवर्णीय. बेस घ्यायला पैसे नव्हते तेव्हा त्याने साध्या गिटारलाच बेसच्या तारा लावल्या, असे तो सांगत आला आहे. १९७० साली तो जेम्स ब्राऊनच्या ताफ्यात गेला आणि पुढे त्याने म्यू-ट्रॉन नावाचे पेडल वापरून बेसला अक्षरशः बोलायला लावले. १९७२ साली आलेले हे पेडल तार जोरात छेडली की "वाऽव" करून तोंड उघडते, हळू छेडली की मिटून घेते. त्या पेडलशिवाय तो आवाज निघाला नसता. म्हणजे पेडल हे चैनीचे साधन नाही आणि बोटांतल्या कमतरतेवरचे औषधही नाही. ते एक अवजार आहे. गवंड्याला थापी लागते, पण थापी घेतली म्हणून कोणी गवंडी होत नाही.

आवाज फाडणाऱ्या पेडलचा जन्मही बेसच्याच कुळात झालेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ साली आलेल्या "डोन्ट वरी" या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिन हे सहा तारांचा बेस वाजवीत होते. टेबलातला एक भाग बिघडलेला होता, त्यामुळे बेसचा आवाज फाटून, भुंग्यासारखा घोंघावत आला. तो तसाच ठेवला आणि गाणे गाजले. तिथले ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारे सर्किट तयार केले आणि १९६२ साली ते माएस्ट्रो फझ-टोन या नावाने विक्रीस आले. १९६५ साली बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी "थिंक फॉर युअरसेल्फ" या गाण्यात फाटलेला बेस वाजवला. बिघडलेल्या यंत्रातून धंदा निघाला तो असा.

कशाच्या मागे काय?

आता मुख्य मुद्दा. चार पेडल्स कशीही जोडली तर आवाज येईल, पण तो हवा तसा येणार नाही. भाजीत आधी फोडणी की आधी पाणी, हे जसे ठरलेले असते तसेच इथे. प्रत्येक पेडल आपल्या आधीच्या पेडलने दिलेला माल घेऊन काम करते. ही एक गोष्ट समजली की क्रम पाठ करावा लागत नाही.

बेसच्या सर्वांत जवळ ट्यूनर. त्याला तारेचा शुद्ध सूर हवा असतो. फाटलेला, लहरणारा सूर दिला तर त्याचा काटा नाचत राहतो. शिवाय ट्यूनरचे पेडल दाबले की पुढचा आवाज बंद होतो. दोन गाण्यांच्या मध्ये सूर जुळवताना हजार श्रोत्यांना "टुंग टुंग" ऐकवायची गरज राहत नाही. बेस बदलताना वायर काढली तर स्पीकरमध्ये होणारा धडाड आवाजही वाचतो.

त्यानंतर वर सांगितलेले तोंड उघडणारे फिल्टरचे पेडल, असेल तर. ते हाताचा जोर ओळखून चालते, म्हणून त्याला हाताचा खरा जोर समजला पाहिजे. त्याच्या आधी जोर सपाट करणारे काही ठेवले तर ते अर्धवट तोंड उघडून बसते.

जोर सपाट करणारे पेडल म्हणजे कॉम्प्रेसर, आणि तो फिल्टरच्या नंतर यावा. कॉम्प्रेसर काय करतो ते मुलांना सांगूनही लवकर कळत नाही. आम्हा कारकून मंडळींना मात्र चटकन कळते. समजा, नियम असा आहे की ठरावीक रकमेपर्यंतचे प्रवासभत्त्याचे बिल पूर्ण मंजूर, आणि त्यापुढच्या प्रत्येक चार रुपयांमागे एकच रुपया मिळेल. चारास एक प्रमाणाचा कॉम्प्रेसर नेमके हेच करतो. हद्दीच्या आतला आवाज तसाच सोडतो, हद्दीबाहेर आवाज चार डेसिबलने वाढला तर एकच डेसिबल वाढू देतो. त्यामुळे एक सूर दणदणीत आणि दुसरा मरतुकडा असे होत नाही. बेसवाल्याला याचा उपयोग गिटारवाल्यापेक्षा जास्त, कारण त्याचे काम गाण्याखाली सलग सतरंजी अंथरण्याचे. पण प्रमाण फार वाढवले तर वाजवण्यातला जीव जातो. शिवाय कॉम्प्रेसर लहान आवाज वर उचलतो, म्हणजे आधीच्या पेडल्सची खरखरही उचलतो. म्हणून तो सुरुवातीकडे बरा. काही जण तो शेवटी ठेवून स्पीकर सांभाळतात. त्यांचेही चूक नाही, पण मग आधीची सगळी साखळी निर्मळ हवी.

नंतर ऑक्टेव्ह. हे पेडल वाजवलेल्या सुराच्या बरोबर अर्ध्या कंपनांचा सूर खाली जोडते. १९८२ सालचे बॉस कंपनीचे ओसी-२ हे यातले नामांकित. पॉल यंग यांच्या १९८३ सालच्या गाण्यात पिनो पॅलाडिनो यांनी ते वापरले आणि ते बेसवाल्यांचे लाडके झाले. त्याला एका वेळी एकच स्वच्छ सूर द्यावा लागतो. दोन सूर एकदम दिले किंवा आधी आवाज फाडून दिला की ते गोंधळते. म्हणून ते फझच्या आधी. आणखी एक : मोकळ्या ई तारेच्या खालचा सप्तक म्हणजे सुमारे २० कंपने. ते कानालाही धड ऐकू येत नाही आणि मंडपातल्या स्पीकरलाही झेपत नाही. ऑक्टेव्ह वापरायचा तर डी आणि जी तारांवर वर जाऊन वाजवावे.

मग ओव्हरड्राइव्ह किंवा फझ. ही पेडल्स आवाजाचा माथा छाटतात, त्यातून वरचे सूर वाढतात. मघाशी सांगितलेल्या लहान स्पीकरची आठवण करा. थोडासा ड्राइव्ह दिला की बेस लहान स्पीकरवरही उठून दिसतो, कारण कानाला धरायला ते वरचे सूर मिळतात. थोडासाच, हे महत्त्वाचे. पुष्कळ मुले बटण पुरते फिरवून ठेवतात. घरात एकट्याने वाजवताना ते भारी वाटते, पण ढोलकी, ऑक्टोपॅड, की-बोर्ड सगळे सुरू झाले की बेसचा पत्ता लागत नाही. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची जुन्या पद्धतीची फझ मात्र या क्रमाला अपवाद आहे. तिला थेट बेसची वायर आवडते, म्हणून ती सगळ्यांच्या आधी लावून पाहावी.

कोरस, डिले, रिव्हर्ब ही शेवटची मंडळी. कोरस सुराची एक किंचित हलणारी नक्कल करून मूळ सुरात मिसळतो. खर्जात ही हालचाल झाली की बेस सुरातून ढळल्यासारखा वाटतो. बॉसच्या सीईबी-३ या बेसच्या कोरसवर त्यासाठीच लो फिल्टर हे बटण दिले आहे. खालचा भाग स्थिर ठेवून वरचाच हलवता येतो. डिले आणि रिव्हर्ब यांवर बेसवाल्याने पैसे घालू नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. पत्र्याच्या हॉलमध्ये आधीच इतका घुमारा असतो की आपण विकत घेऊन आणखी कशाला घालायचा?

सर्वांत शेवटी प्रीअँप किंवा डीआय बॉक्स. इथून मिक्सरकडे वायर जाते. डीआयच्या पुढे लावलेले पेडल मिक्सरपर्यंत पोचतच नाही, कितीही दाबा. साऊंडवाल्याशी होणारी निम्मी भांडणे या एका गोष्टीवरून होतात.

वीज : इथे काटकसर नको

बहुतेक पेडल्स ९ व्होल्टवर चालतात आणि अडॅप्टरच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. काही पेडल्सचे उलटे असते. उलटी पिन घातली की एका क्षणात पेडल जळू शकते, म्हणून डबीवरची गोल चिन्हाची खूण वाचल्याशिवाय पिन घालू नये. व्होल्ट तेवढेच हवेत. मिलिअँपिअर मात्र लागतात त्यापेक्षा अडॅप्टरवर जास्त लिहिलेले चालतात, कमी चालत नाहीत. साध्या फझला दहा-बारा मिलिअँपिअरही पुरतात, आतून संगणकी असलेल्या पेडल्सना शंभराच्या पुढेही लागतात.

स्वस्त अडॅप्टर हमिंग करतो, आणि बेसवाल्याला ते हमिंग फार छळते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या पट्टीचा सूर आहे ४९ चा. अडॅप्टरची गुणगुण बहुधा त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० ची. आणि मोकळी जी तार आहे ९८ ची. म्हणजे हमिंग आपल्या सुरांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असते. मिक्सरवर ते कापायला गेले तर आपला सूरही कापला जातो. ते मुळातच येऊ न देणे हाच उपाय : चांगला रेग्युलेटेड अडॅप्टर, पेडल्स आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर, वायरी तुटक्या नकोत.

हमिंग जावे म्हणून काही जण तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून टाकतात. पालकांनो, हे घरात कोणी करीत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. बेसच्या तारा वायरीमार्गे अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. एकीकडे हात तारांवर आणि दुसरीकडे ओठ माईकला. दोहोंपैकी एकात वीज उतरली तर ती शरीरातूनच जाते. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वे हा गिटारवादक भर कार्यक्रमात माईकला हात लावताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. आपले मंडप उघड्या मैदानावर, पावसाळी हवेत, भाड्याच्या वायरींवर उभे राहतात. मंडपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरला पडणारा आरसीसीबी बसवलेला आहे का, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी कंत्राटदाराला विचारावे. हा खर्च पेडलपेक्षा कमी आहे.

खरेदी

पैसे मोजके असतील तर पहिली खरेदी पेडलची नकोच. नव्या तारा, एक मजबूत वायर, आणि जाणत्या कारागिराकडून बेसची उंची-पट्ट्या नीट करून घेणे, एवढ्यानेच पुष्कळ आवाज सुधारतो. त्यानंतर ट्यूनर. मोबाईलवर फुकट ट्यूनर मिळतो, पण तो माईकने ऐकतो. शेजारी ढोल वाजत असताना त्याचा उपयोग नाही. तिसरे, डीआय असलेला प्रीअँप. ज्या बेसवाल्याकडे स्वतःचा अॅम्प्लिफायर नाही, त्याला प्रत्येक ठिकाणी जवळपास सारखा आवाज यामुळे मिळतो, आणि रोजंदारीवर वाजवणाऱ्याला हेच हवे. मग कॉम्प्रेसर. बाकीचे पार्टी कसली गाणी वाजवते त्यावर.

सगळ्याची चव एकदम घ्यायची तर ज्याला आपल्याकडे प्रोसेसर म्हणतात तो घ्यावा. झूम, बॉस यांचे बेससाठीचे छोटे प्रोसेसर आहेत. एकाच डब्यात ट्यूनर, कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, कोरस सर्व काही, आणि त्यांचा क्रमही बटणाने बदलून पाहता येतो. नवशिक्यासाठी हा शहाणपणाचा व्यवहार आहे. सहा महिन्यांत कळते की पन्नासांपैकी आपण तीनच आवाज वापरतो. मग त्या तिघांची चांगली पेडल्स हळूहळू घ्यावीत. दोन-तीन मित्रांनी मिळून घेतले तरी हरकत नाही, फक्त वर्गणी कोणी किती दिली आणि पार्टी फुटल्यास वस्तू कोणाकडे राहील हे आधी कागदावर लिहून सह्या कराव्यात.

जुने पेडल घेताना स्वतःचा बेस आणि अडॅप्टर घेऊन जावे. दुकानातल्या गिटारवर ऐकून बेसचे पेडल घेणे म्हणजे दुसऱ्याच्या पायात चप्पल घालून माप पाहणे. मागचे झाकण उघडून सेलच्या जागी पांढरी-हिरवी भुकटी आहे का पाहावे. प्रत्येक बटण सावकाश फिरवावे. खरखर झाली तर भाव कमी करून मागावा. पिन लावून हलकेच हलवावी, आवाज तुटला तर जॅक सैल आहे. पायाचे बटण वीस वेळा दाबावे, विक्रेता वैतागला तरी. मुंबईत धोबी तलावाच्या बाजूला वाद्यांची दुकाने आहेत. वायर, पिना, अडॅप्टर यांसाठी लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा कोणी ओळखीत असेल तर फझ घरीही होते : दोन ट्रान्झिस्टर, मूठभर सामान आणि एक डबी. बेससाठी करायची असेल तर वाटेतले कपॅसिटर गिटारच्या नकाशापेक्षा मोठे घालायला त्याला सांगावे, म्हणजे तळ वाहून जाणार नाही.

आणि एक, पालकांनाही सहज करता येईल असे. सेलवर चालणाऱ्या बहुतेक पेडल्समध्ये आत येणारी वायर लावली की सेल चालू होतो, पायाचे बटण बंद असले तरी. ज्या बेसच्या आत स्वतःचा ९ व्होल्टचा सेल असतो, त्यातही बहुधा असेच. पोरगा कार्यक्रमावरून पहाटे थकून येतो आणि सगळे तसेच भिंतीला टेकवून झोपतो. वायर उपसून ठेवली तर तो सेल पुढच्या कार्यक्रमालाही चालेल.